तो तसाच आहे, म्हणे!

मंडळी, सत्तर-ऐंशीच्या दशकात जी मराठी कुटुंबं इंग्लंडात आली, त्यांना जिमी सॅव्हिल कोण हे सांगायला नको. शनिवारी संध्याकाळी 'जिम'ल फिक्स इट' लागलं की पोरं टीव्हीसमोरून हलत नसत. मुलांनी पत्रातून आपली इच्छा कळवायची आणि पांढऱ्या केसांच्या, हातात सिगार धरलेल्या या माणसाने ती पुरी करायची, असा तो कार्यक्रम. १९७५ ते १९९४ असा दीर्घकाळ तो चालला. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत इथे आलेल्या आपल्या तरुण मंडळींना हे नाव ठाऊक असतं ते अगदी वेगळ्या कारणाने. त्यांच्याशी गप्पा मारताना हा विषय निघाला की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "सगळ्यांना माहीत होतं म्हणतात, मग कोणी बोललं कसं नाही?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर द्यायला या देशाला चौकशी समित्यांचे जाडजूड अहवाल लिहावे लागले. त्यावर माहितीपट निघाले, नाट्यमालिकाही निघाली. त्यातल्या तीन प्रमुख कलाकृती मी पाहिल्या आहेत आणि अहवालांचाही बराच भाग वाचला आहे. शिवाय एनएचएसच्या हॉस्पिटलांत तीसेक वर्षं काढल्यामुळे वॉर्डात कुजबूज कशी फिरते हे मला थोडंफार कळतं. या कलाकृती आपल्या प्रश्नाचं उत्तर देतात का, एवढंच मला इथे पाहायचं आहे. आणि हो, मराठीत लिहिताना माणसाला 'तो' म्हणायचं की 'ते' हे ठरवावंच लागतं. १९९० साली याला 'सर' ही पदवी मिळाली होती. मी मात्र 'तो' म्हणणार आहे.

आधी थोडी माहिती, नव्या वाचकांसाठी. सॅव्हिलचा जन्म १९२६ चा, लीड्सचा. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या कार्यक्रमाचा पहिला भाग १ जानेवारी १९६४ रोजी झाला, तो त्यानेच सादर केला. लीड्स जनरल इन्फर्मरीत तो हौसेने पोर्टरचं काम करी. स्टोक मँडव्हिल हॉस्पिटलच्या पाठीच्या कण्याच्या दुखापतींच्या केंद्रासाठी त्याने प्रचंड निधी जमवला. त्याने आयुष्यभरात सुमारे चार कोटी पौंड धर्मादाय कामांसाठी उभे केले असं सांगितलं जाई. ब्रॉडमूर या मनोरुग्ण गुन्हेगारांच्या हॉस्पिटलच्या कारभारासाठी १९८८ साली सरकारने जो कार्यगट नेमला, त्याची सूत्रंही याच्याच हाती. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या घरी त्याचं जाणं-येणं होतं, राजघराण्याशी पत्रव्यवहार होता. २९ ऑक्टोबर २०११ ला तो वारला तेव्हा लीड्सच्या एका मोठ्या हॉटेलात त्याची शवपेटी ठेवली होती आणि लोकांनी दर्शनाला रांगा लावल्या होत्या.

पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर २०१२ ला, आयटीव्हीने त्याच्या कृत्यांवरचा माहितीपट दाखवला आणि धरण फुटलं. सुमारे ४५० माणसं पुढे आली. जानेवारी २०१३ मध्ये लंडनचे पोलीस आणि एनएसपीसीसी यांनी मिळून काढलेल्या अहवालात २१४ गुन्ह्यांची नोंद आहे. ते २८ पोलीस दलांच्या हद्दीत पसरलेले आहेत, १९५५ ते २००९ या काळातले. पीडितांपैकी ७३ टक्के अठरा वर्षांखालचे होते, सर्वांत लहान आठ वर्षांचं. नंतरच्या हॉस्पिटलांच्या अहवालांत तर त्याहूनही लहान मूल आहे. याहून जास्त तपशील मी देत नाही. हा अंक घरात सगळ्यांच्या हाती पडतो.

पहिली कलाकृती म्हणजे लुई थरू या पत्रकाराचा 'व्हेन लुई मेट... जिमी' हा २००० सालचा माहितीपट. सॅव्हिल जिवंत असताना, त्याच्याच घरात राहून केलेला. तो आज पाहताना अंगावर काटा येतो, कारण त्यात थरू सरळ विषय काढतो. "मला मुलं आवडत नाहीत," असं तुम्ही मुलाखतीत का सांगता, असं तो विचारतो. चटोर वर्तमानपत्रवाल्यांनी मागे लागू नये म्हणून, असं सॅव्हिल उत्तर देतो. मी तसा आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही, मला माहीत आहे मी तसा नाही, असंही वर सांगतो. अफवा कॅमेऱ्यासमोर उच्चारली गेली, देशभर प्रक्षेपित झाली आणि पुढे काहीही झालं नाही! या माहितीपटाचं श्रेय हे की त्याने विषय टाळला नाही. त्याची मर्यादा ही की प्रश्न फक्त ज्याच्यावर संशय होता त्यालाच विचारला गेला.

हीच गोष्ट बीबीसीत आधीही घडली होती. डेम जॅनेट स्मिथ यांचा बीबीसीवरचा अहवाल फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९७३ सालची हकीकत आहे. सॅव्हिलबद्दलच्या वावड्या रेडिओ १ आणि २ चे नियंत्रक डग्लस मगरिज यांच्या कानावर गेल्या. त्यांच्या हाताखालचे अधिकारी डेरेक चिनरी यांनी सॅव्हिलला बोलावून विचारलं. त्याने नाही म्हटलं. विषय संपला! त्याच सुमारास प्रसिद्धी अधिकाऱ्याला वर्तमानपत्रांचा कानोसा घ्यायला सांगितलं गेलं. पत्रकारांनी सांगितलं की आम्हीही ऐकलंय, पण छापणार नाही, तो लोकप्रिय आहे आणि धर्मादाय काम एवढं करतो. चौकशी झाली ती या चर्चा बाहेर फुटतील का याची. एखाद्या मुलीकडे जाऊन कोणी विचारलं नाही.

थरूने २०१६ साली 'सॅव्हिल' नावाचा दुसरा माहितीपट केला. यात तो पीडित स्त्रियांना भेटतो आणि त्या त्याला त्याच्या पहिल्या माहितीपटाबद्दल तोंडावर ऐकवतात. हे दाखवायला धैर्य लागतं. या विषयावरचं दूरचित्रवाणीवरचं सर्वांत प्रामाणिक काम मला हेच वाटलं.

दुसरी कलाकृती नेटफ्लिक्सवरची, 'जिमी सॅव्हिल: अ ब्रिटिश हॉरर स्टोरी'. २०२२ सालची, दोन भागांची, दिग्दर्शिका रोवन डीकन. जुन्या चित्रफितींचा इतका मोठा साठा आणि इतकी नेटकी मांडणी क्वचित पाहायला मिळते. सॅव्हिल जाहीर कार्यक्रमांत आपल्या वागण्याबद्दल विनोद करतो आणि लोक हसतात. मुलींना सर्वांदेखत जवळ ओढतो आणि लोक हसतात. एकामागून एक अशी दृश्यं येत राहतात तेव्हा प्रेक्षकाला आपोआप कळतं की काहीही लपवलेलं नव्हतं. त्याने तर १९७४ च्या आत्मचरित्रात, घरातून पळालेल्या एका मुलीचा किस्सा बढाई मारल्यासारखा सांगितला होता. पुस्तक छापलं गेलं, विकलं गेलं.

पण एवढं सगळं दाखवून या माहितीपटाचा सूर मात्र 'या माणसाने एका देशाला कसं फसवलं' असाच राहतो. इथे माझं पटत नाही. फसवायला समोरच्याला माहिती नसावी लागते. इथे तर पंक संगीतातला जॉन लायडन १९७८ साली बीबीसीच्याच मुलाखतीत सॅव्हिलबद्दल बोलला होता. हे तुम्ही बाहेर येऊ देणार नाही, असंही त्याने तिथेच म्हटलं होतं आणि ते खरंच प्रक्षेपित झालं नाही. 'फसवलं' म्हटलं की सगळा दोष त्या एका लबाड माणसावर जातो आणि बाकीचे भोळे ठरतात. ते सोयीचं आहे. शिवाय पीडितांपैकी एकीचं सविस्तर बोलणं येतं ते दुसऱ्या भागात, पार शेवटाकडे. तोवर प्रेक्षकाने सॅव्हिलचाच सहवास भोगलेला असतो.

तिसरी कलाकृती बीबीसीची चार भागांची नाट्यमालिका, 'द रेकनिंग', ऑक्टोबर २०२३ मधली. लेखक नील मॅकाय, सॅव्हिलच्या भूमिकेत स्टीव्ह कूगन. कूगनचं काम इतकं हुबेहूब आहे की बघवत नाही. त्याला बाफ्टाचं नामांकनही मिळालं. खऱ्याखुऱ्या पीडित व्यक्ती यात स्वतः येऊन बोलतात ही या मालिकेची मोठी जमेची बाजू. नेटफ्लिक्सने केलेली चूक इथे टाळली आहे.

तरीही मालिका पाहून झाल्यावर मन भरत नाही, त्याची कारणं दोन. एक तर कॅमेरा सतत सॅव्हिलच्या मागे फिरतो. त्याची आई, त्याची देवभक्ती, त्याचे एकांतातले विचार. आपण एका राक्षसाचं मन समजून घेत बसतो. पण राक्षस का निपजला हा काही आपल्या तरुण मंडळींचा प्रश्न नव्हता. राक्षस दारात असताना दार कोणी उघडलं, हा प्रश्न होता. ते दार उघडणारे लोक मालिकेत येतात आणि दोन-चार वाक्यं बोलून जातात. दुसरं कारण बीबीसीच्या स्वतःच्या घरचं. २०११ च्या अखेरीस, सॅव्हिल वारल्यावर काही आठवड्यांतच, बीबीसीच्याच 'न्यूजनाइट'च्या पत्रकारांनी पीडितांच्या मुलाखती मिळवल्या होत्या. तो वृत्तान्त थांबवला गेला आणि त्याच नाताळात सॅव्हिलला आदरांजली वाहणारे कार्यक्रम मात्र झाले. या नाट्याला मालिकेत फारच थोडी जागा मिळाली आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय!

इथे कोणी म्हणेल, अब्रुनुकसानीचा कायदा आड आला. ते काही अंशी खरंच आहे. इंग्लंडच्या कायद्यात छापलेलं खरं आहे हे छापणाऱ्याला सिद्ध करावं लागतं. 'संडे मिरर'चे तेव्हाचे संपादक पॉल कॉनू यांनी सांगितलं आहे की १९९४ साली त्यांच्याकडे दोन स्त्रियांच्या हकिकती होत्या, पण वकिलांनी छापू नका असा सल्ला दिला. मात्र मेलेल्या माणसाची अब्रुनुकसानी होत नाही, आणि 'न्यूजनाइट'चा वृत्तान्त तर मृत्यूनंतरचा होता. म्हणजे कायदा हे एक कुलूप होतं. बाकीची कुलपं माणसांनी लावली होती.

ती कशी लावली गेली हे कळायला टीव्ही बंद करून अहवालच वाचायला हवेत. स्टोक मँडव्हिलचा अहवाल फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. तिथे किमान ६० जणांवर अत्याचार झाले आणि त्या काळातच दहा तक्रारी झाल्या होत्या, असं त्यात आहे. एकीचीही नीट दखल घेतली गेली नाही. बीबीसीच्या अहवालात तिथल्या ७२ पीडितांची नोंद आहे. सॅव्हिलबद्दल अफवा ऐकल्याचं बीबीसीशी संबंधित ११७ साक्षीदारांनी सांगितलं. ऐंशीच्या दशकात एका कनिष्ठ कर्मचारी मुलीने वरिष्ठाकडे तक्रार केली, तेव्हा तिला उत्तर मिळालं, तोंड बंद ठेव, तो व्हीआयपी आहे.

यापेक्षाही माझ्या मनात रुतून बसली ती एक छोटी गोष्ट. लहानपणी हॉस्पिटलात राहिलेल्या एका बाईने मोठेपणी सांगितली. सॅव्हिल वॉर्डात येणार असला की नर्स सांगत असे, अंथरुणात पडून राहा आणि झोपल्याचं सोंग घ्या.

मी वॉर्डात आयुष्य काढलंय, म्हणून या वाक्यापाशी बराच वेळ थांबले. ती नर्स वाईट नव्हती. तिने आपल्या परीने मुलांना जपलं. पण असं सांगण्यासाठी तिला काय ठाऊक असायला हवं, याचा विचार करा. तिला ठाऊक होतं, शेजारच्या नर्सला ठाऊक होतं आणि प्रत्येकीला खात्री असणार की वरच्यांनाही ठाऊक आहे. मग आपण सांगून काय होणार? कुजबुजीने हे काम केलं. ज्याच्या कानावर ती गेली, त्याने आपल्यापुरती काळजी घेतली आणि तो मोकळा झाला. ज्या मुलांपर्यंत ती पोचली नाही, ती मात्र जागी राहिली.

आपण समजतो की अफवा पसरली म्हणजे गोष्ट उघड होण्याच्या जवळ आली. सॅव्हिलच्या प्रकरणात उलट झालं. अफवा जितकी जुनी झाली, तितकी ती निरुपद्रवी झाली. "तो तसाच आहे, म्हणे!" मराठीतला हा 'म्हणे' मोठा विलक्षण शब्द आहे. सांगणारा स्वतः काहीच सांगत नाही, दुसरं कोणीतरी म्हणतं. ते दुसरं कोण, याचा पत्ता शब्दात नसतो. 'कानावर आलं' हेही तसंच. आलं, आपोआप आलं, कोणी आणलं ते विचारायचं नाही. ज्या वाक्याला बोलणारा नाही, त्याची तक्रार नोंदवायची तरी कोणाच्या नावाने?

पोलिसांकडेही असंच झालं. पोलीस निरीक्षकांचा अहवाल मार्च २०१३ चा आहे. त्यानुसार सॅव्हिलचं नाव लंडनच्या पोलिसांच्या एका वहीत १९६४ सालीच आलेलं होतं. १९९८ साली एक निनावी पत्रही आलं. ते संवेदनशील म्हणून अशा ठिकाणी नोंदवलं गेलं की इतरांना ते सहज सापडू नये. सरे परगण्यात २००७ ते २००९ या काळात चौकशी झाली. सरेच्या तीन आणि ससेक्सची एक, अशा स्त्रियांच्या तक्रारी होत्या. पण तुझ्यासारखीच दुसरीनेही तक्रार केली आहे, हे त्यांना सांगितलं गेलं नाही. प्रत्येकीला वाटलं, आपण एकट्याच. एवढ्या मोठ्या माणसाविरुद्ध एकटीने कोर्टात उभं राहायचं? त्या मागे सरल्या. सॅव्हिलची जबानी घेतली गेली ती स्टोक मँडव्हिलमधल्या त्याच्याच ऑफिसात, आणि खटला काही झाला नाही. जानेवारी २०१३ मध्ये सरकारी वकिलांच्या कार्यालयाच्याच अहवालाने मान्य केलं की या स्त्रियांना एकमेकींबद्दल सांगितलं असतं, तर त्या बहुधा साक्षीला उभ्या राहिल्या असत्या.

म्हणजे बघा, सॅव्हिलबद्दलची कुजबूज साऱ्या देशाला ऐकू गेली, पण एका पीडितेला दुसरी असल्याचं कळलं नाही. माझ्या मते 'कोणी बोललं कसं नाही' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बोलल्या की! जिचं सोसणं होतं ती बोलली. वॉर्डात बोलली, स्टुडिओत बोलली, पोलीस ठाण्यात बोलली. कोणी सुधारगृहातली मुलगी होती, कोणी अंथरुणाला खिळलेली रुग्ण. त्यांच्या शब्दाला वजन नव्हतं आणि ज्यांच्या शब्दाला वजन होतं, त्यांनी 'म्हणे'च्या पुढे एक पाऊल टाकलं नाही. एका पारड्यात हॉस्पिटलचं नवं केंद्र, पदवी, पैसा आणि दुसऱ्यात एक घाबरलेली मुलगी. कुंपणच शेत खात होतं, पण कुंपण सोन्याचं होतं ना!

या विषयावरच्या तिन्ही कलाकृती पाहाव्यात का? जरूर पाहाव्यात, मुलं मोठी असतील तर त्यांच्याबरोबर पाहाव्यात. पण एकच पाहायची असेल तर थरूचा २०१६ चा माहितीपट पाहा, कारण त्यात पीडित बोलतात आणि पत्रकार मान खाली घालून ऐकतो.

आता थोडं आपल्याबद्दल. हे लिहायला घेतलं तेव्हा एका स्नेह्यांनी विचारलं, "अहो, मंडळाच्या अंकात हा विषय कशाला? आपल्याकडे काय त्याचं?" आपल्याकडे कुठलीही अशी गोष्ट घडली म्हणून मी लिहीत नाही, हे स्पष्ट सांगते. पण आपली रीत पाहा. भारतातून नामवंत कलाकार येतात. आपण त्यांना हॉटेलात ठेवत नाही, घरी उतरवतो आणि त्याचा आपल्याला अभिमान असतो. मुलांना पुढे करतो, "जा, काकांना नमस्कार कर, त्यांना गाणं म्हणून दाखव." रविवारची मराठी शाळा, गणेशोत्सवाच्या तालमी, नाटकाचे दौरे, सगळं विश्वासावर चालतं. वर्षानुवर्षं मंडळासाठी राबणाऱ्या, देणगी देणाऱ्या माणसाबद्दल वावगा शब्द काढायचा म्हणजे आपल्यालाच कसंतरी होतं. परक्या देशात आपण मूठभर, त्यात मंडळाची बदनामी नको, झाकली मूठ सव्वा लाखाची! सॅव्हिलला ज्या गोष्टींनी सांभाळलं, त्या सगळ्या लहान प्रमाणात आपल्याकडे आहेत. पाहुणचार, उपकाराचं ओझं, नावाला जपणं.

प्रत्येकाकडे संशयाने पाहा असं माझं म्हणणं नाही. तसं केलं तर मंडळ चालणारच नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची डीबीएस तपासणी करावी, पण तेवढ्यावर विसंबू नये. सॅव्हिलवर मरेपर्यंत एकही गुन्हा शाबित झाला नव्हता, त्याची तपासणी बहुधा कोरीच आली असती. त्याहून साध्या दोन गोष्टी हव्यात. मुलाने किंवा आईबापांनी जिच्याकडे जायचं अशी एक व्यक्ती, नावानिशी, कार्यकारिणीबाहेरची, मंडळाच्या सूचनाफलकावर लावलेली. आणि तिच्याकडे एक वही, जिच्यात तारीख घालून लिहिलं जाईल, मग तक्रार कोणाबद्दलही असो. दुसऱ्या वर्षी दुसरं कोणी आलं तर पहिलं पान उलटून पाहता आलं पाहिजे. ऐकीव नको, लिहिलेलं हवं. आणि गंभीर काही असेल तर मंडळात निवाडा करत न बसता सरळ पोलिसांकडे किंवा कौन्सिलच्या बालसंरक्षण विभागाकडे जायचं.

घरी मात्र आणखी एक करता येईल. आपलं मूल एखाद्या काकांकडे जायला नको म्हणालं, तर "असं काय करतोस, ते किती मोठे आहेत," हे वाक्य गिळून "का रे?" एवढंच विचारावं. आणि ते सांगायला लागलं की मधे बोलू नये.